दोन तास आणि एक कुपी

मद्यप्राशन करून वाहन चालविताना घरातील, दुकानातील किंवा कारखान्यातील कोणी पकडला गेला, की रात्री-अपरात्री वकिलाला फोन जातो. त्यातील पहिला प्रश्न बहुधा ठरलेलाच असतो : ‘किती दंड भरावा लागेल?’ हेल्मेट नसणे, सिग्नल तोडणे, चुकीच्या जागी गाडी उभी करणे ही प्रकरणे चलन भरले की संपतात; हेही तसेच असावे, अशी समजूत जालन्याच्या बाजारपेठेपासून पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांपर्यंत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली ज्या गुन्ह्यांत जागेवर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटविता येते, त्या यादीत कलम १८५ म्हणजे मद्यप्राशन करून वाहन चालविणे हा गुन्हा नाही. त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

आपल्या समाजात मद्याची गणना सप्तव्यसनांत होते. तेव्हा हा विषय आपल्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर व्यवहारात आहे. जालना हे पोलादाचे आणि बियाण्यांचे शहर. येथील कुटुंबांच्या मालकीचे ट्रक रोज राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, फर्मच्या नावावरील मोटारी पगारी चालकांच्या हाती असतात आणि शिक्षणासाठी पुण्याला गेलेली मुले मित्रांच्या गाड्यांतून फिरतात. स्वतः थेंबही न घेणारा गृहस्थ वाहनमालक, पालक, अपघातग्रस्ताचा नातलग किंवा साक्षीदार या नात्याने या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो.

प्रथम कायद्याचे शब्द पाहू. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे किंवा चालविण्याचा प्रयत्न करणे, हा कलम १८५ चा गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुढील वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पूर्वी दुसरा गुन्हा तीन वर्षांच्या आत घडला तरच वाढीव शिक्षा होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत काढून टाकली. म्हणजे विशीतील नोंद चाळिशीतही मोजली जाऊ शकते. शिवाय दोषी ठरल्यास किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविणे कलम २० अन्वये न्यायालयावर बंधनकारक आहे. ‘गुन्हा कबूल करून मोकळे व्हा’ हा कोर्टाच्या व्हरांड्यात मिळणारा फुकटचा सल्ला ऐकण्यापूर्वी एवढे तरी ठाऊक असावे.

तीस मिलिग्रॅम म्हणजे किती? बाजारात मिळणाऱ्या साधारण ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरमध्ये सुमारे वीस ग्रॅम मद्यार्क असतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला, तर ढोबळ हिशेबाने रक्तातील प्रमाण चाळीसच्या आसपास जाते. ‘एकच घेतला होता’ हे वाक्य बचाव म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ती अनेकदा कबुलीच असते.

परंतु प्रमाण किती होते, हे सिद्ध कोणी आणि कसे करायचे? या विषयातील सारे खरे वाद येथे सुरू होतात आणि त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

२९ मे १९५१ च्या रात्री मुंबईत कुलाब्याच्या दिशेने निघालेल्या एका जीपने तीन पादचाऱ्यांना धडक दिली. जीप चालविणारे गृहस्थ होते बेहराम खुर्शीद पेसिकाका, मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. ज्यांच्या कार्यालयातून शहराला वाहन चालविण्याचे परवाने मिळत, तेच आरोपी! (जालना त्या वेळी हैदराबाद राज्यात होते, मुंबईचा दारूबंदी कायदा येथे लागू नव्हता.) तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या श्वासाला मद्याचा वास आला, डोळे लाल दिसले, परंतु बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेत चालताही येत होते. मद्य कोणत्या तरी रूपाने पोटात गेले आहे, पण माणूस त्याच्या अमलाखाली दिसत नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. आरोपीचे म्हणणे असे की, आपण ‘बी. जी. फॉस’ नावाचे शक्तिवर्धक औषध घेतले होते आणि त्यात मद्यार्क असतो.

दंडाधिकाऱ्यांनी दारूबंदीच्या आरोपातून त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि अखेर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. औषधी द्रव्यांतील मद्यार्कापुरती दारूबंदी कायद्याची तरतूद त्यापूर्वीच, १९५१ च्या बलसारा खटल्यात, घटनाबाह्य ठरली होती. त्यामुळे आरोपीच्या पोटातील मद्य निषिद्ध प्रकारचेच होते, हे दाखविण्याचा भार सरकार पक्षावर राहतो. केवळ वासावरून तो पार पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. निकाल तर्कशुद्ध होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला की ‘टॉनिक घेतले होते’ हा बचाव आयताच हाती आला.

सरकारने त्याला उत्तर दिले ते १९५९ मध्ये. मुंबई दारूबंदी कायद्यात कलम १२९-अ घालून रक्ततपासणीची रीतसर पद्धत आणली गेली. रक्तातील मद्यार्क ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक आढळला, तर तो औषधातून आला हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. त्याच वर्षीच्या नियमांनी डॉक्टरांची कामेही नेमून दिली : सुई टोचण्यापूर्वी त्वचेला स्पिरिट लावायचे नाही, रक्त न गोठू देणारे व न नासू देणारे द्रव्य घातलेल्या कुपीत ते भरायचे, कुपी हलवून, लेबल लावून, मोहोर करून सात दिवसांच्या आत तपासनीसाकडे पाठवायची. (महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी आजही परवाना लागतो, हे परवाना देणाऱ्यांखेरीज फारसे कोणाच्या लक्षात नसते, ते जाऊ द्या.)

स्पिरिट न लावण्याचा नियम वाचून हसू येईल. परंतु उलटतपासणीत प्रश्न विचारले जातात ते याच गोष्टींवर. कुपी कोणी भरली, मोहोर कोणाची, मधल्या दिवसांत ती कोणाच्या कपाटात होती, थंड जागी होती का? खानदेशातील एका मोटार अपघाताच्या खटल्यात, उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६३ मध्ये नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कुपी मधल्या काळात सुरक्षित होती याचा पुरावा सरकार पक्षाने नीट दिला नव्हता, म्हणून सत्र न्यायाधीशांनी संपूर्ण खटला नव्याने चालविण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकार पक्षाच्या उणिवा भरून काढण्यासाठी फेरखटला असू शकत नाही. मात्र पोलिसांनी न सांगता डॉक्टरांनी उपचारादरम्यान स्वतःहून घेतलेल्या रक्ताचा अहवाल पुराव्यात ग्राह्य धरता येतो, हेही त्याच निकालात ठरले.

कुपीतील एक-दोन मिलिलिटरचे महत्त्व किती, हे अवघ्या देशाने नंतर पाहिले. २८ सप्टेंबर २००२ रोजी वांद्रे येथे बेकरीसमोर झोपलेल्या लोकांवर गाडी गेली. एक जण मृत्युमुखी पडला, चौघे जखमी झाले. अभिनेता सलमान खान यांना सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी त्यांना निर्दोष सोडले. न्यायालयाने ज्या त्रुटींवर बोट ठेवले त्यांत रक्ताचा नमुना होता. घेतले गेले सहा मिलिलिटर, प्रयोगशाळेत नोंद झाली चार मिलिलिटरची. राज्य सरकारने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल कोणाला पटो वा न पटो, रक्ताच्या प्रवासातील तफावत बचाव पक्षाने निर्माण केलेली नव्हती.

आणि रक्ततपासणी झालीच नाही तर? १९७१ च्या बच्चूभाई कर्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात डॉक्टरांनी मद्याचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढे सारे नोंदविले होते. पण रक्त किंवा लघवी तपासली नव्हती. आरोपी मद्याच्या अमलाखाली होता असे एवढ्यावरून निश्चितपणे म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बचाव पक्षाचे वकील हा निकाल आजही आवर्जून दाखवितात.

आज नाक्यावर पोलीस पुढे करतात ते ब्रेथ अ‍ॅनालायझर. कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी वाजवी संशय असल्यास श्वासाची चाचणी देण्यास सांगू शकतो आणि तिचा निष्कर्ष पुराव्यात ग्राह्य आहे. येथे नागरिकाचे काही हक्क आहेत आणि ते मागण्यात संकोच नसावा : यंत्रातून निघालेली चिठ्ठी पाहणे, तीवरील वेळ व आकडा तपासणे, नुकताच माउथवॉश वा मद्यार्कयुक्त औषध घेतले असल्यास तसे सांगून काही मिनिटांनी पुन्हा चाचणीची विनंती करणे, यंत्राच्या तपासणीचे प्रमाणपत्र न्यायालयात मागविणे. तोंडात राहिलेल्या द्रव्याने आकडा फुगू शकतो. पंधरा-वीस मिनिटांनी तो खाली येतो. खऱ्या निरपराध्याचा हा खरा बचाव आहे.

नकार देणे हा मात्र बचाव नव्हे. ‘स्वतःविरुद्ध पुरावा देण्याची सक्ती घटनेने केलेली नाही’ असे काही जण ठणकावून सांगतात. मुंबई राज्य विरुद्ध कथी कालू ओघड या खटल्यात १९६१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. आणि मोटार वाहन कायद्याचे कलम २०५ स्पष्टच म्हणते की, सबळ कारण नसताना श्वास वा रक्त देण्यास नकार दिल्यास तो नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येईल. ज्याला तीस मिलिग्रॅमच्या खाली असण्याची खात्री आहे, त्याने तर चाचणीसाठी आग्रहच धरला पाहिजे.

शीर्षकातील दोन तास येतात ते कलम २०२ मधून. या गुन्ह्यात अटक झालेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास तिला कोठडीतून सोडावे लागते. ही तरतूद बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. कोठडीतून सुटका म्हणजे खटल्यातून सुटका नव्हे. उशिराच्या तपासणीचा अहवालही न्यायालयापुढे जातो. त्याचे वजन किती धरायचे, हा पुढचा प्रश्न. मंठा किंवा घनसावंगीच्या रस्त्यावर रात्री अपघात झाला, जखमीला आधी जवळच्या रुग्णालयात, मग जालन्याला आणि तेथून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेले, तर दोन तास कसे सरतात ते आपण जाणतोच. चालक स्वतः जखमी होऊन रुग्णालयात दाखल असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची हरकत नसल्याखेरीज नमुना घेता येत नाही. स्त्रीच्या बाबतीत रक्त स्त्री डॉक्टरनेच किंवा स्त्रीच्या उपस्थितीत घेतले पाहिजे.

वेळेला एवढे महत्त्व का, ते शरीरशास्त्र सांगते. यकृत रक्तातील मद्यार्क साधारणपणे ताशी पंधरा मिलिग्रॅम या गतीने कमी करते. कोणाचे दहा, कोणाचे वीस. आठ तास उलटले तर एकशेवीस मिलिग्रॅमचा पुरावा आपोआप विरून जातो. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगरात पहाटे अडीचच्या सुमारास एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ससून रुग्णालयात त्याचे रक्त घेतले गेले ते सकाळी अकराच्या सुमारास. बाल न्याय मंडळाने जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. परंतु वकिलीच्या दृष्टीने त्याहून गंभीर गोष्ट पुढे उघड झाली. पोलिसांच्या आरोपानुसार ससूनमधील मुलाचे रक्त टाकून देण्यात आले आणि त्या जागी त्याच्या आईचे रक्त ठेवण्यात आले. पोलिसांनी खबरदारी म्हणून औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता. डीएनए चाचणीत दोन नमुने जुळले नाहीत आणि बिंग फुटले. आई, वडील, आजोबा, दोन डॉक्टर अशी आरोपींची रांग लागली. हे आरोप न्यायालयात अद्याप सिद्ध व्हायचे आहेत. तथापि एका अल्पवयीन मुलाचा गुन्हा, ज्याचा विचार बाल न्याय कायद्याच्या तुलनेने सौम्य चौकटीत होत होता, तो त्या काही तासांत सबंध कुटुंबाचा खटला झाला, ही वस्तुस्थिती आहे. पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि पुत्रप्रेम हा त्यावरील बचाव नाही.

अल्पवयीन मुलांच्या हाती किल्ली देणाऱ्यांनी कलम १९९-अ वेगळे वाचावे. मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. आपल्या नकळत घडले किंवा आपण सर्व दक्षता घेतली, हे त्यानेच सिद्ध करायचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

मृत्यू ओढवला की कलम १८५ मागे पडते आणि मोठा प्रश्न उभा राहतो : हा निष्काळजीपणा की सदोष मनुष्यवध? १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण मरण पावले, आठ जखमी झाले. चालक अलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरमागे एकशेबारा मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. सत्र न्यायालयाने तो निष्काळजीपणा मानून सहा महिन्यांची साधी कैद दिली. जनक्षोभ उसळला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयाचा विचार असा की, मद्याच्या अमलाखाली भरधाव व बेफिकीरपणे गाडी हाकणाऱ्याला, आपल्या कृत्याने माणसे मरू शकतात याची जाणीव असते. इरादा नसला तरी जाणीव पुरेशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूसाठी कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, तर जाणीवपूर्वक सदोष मनुष्यवधासाठी कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे. प्रत्येक मद्यपी चालकाला कलम १०५ लागू होते असे नाही. वेग, रस्ता, आधी कोणी दिलेला इशारा या साऱ्यांवर ते ठरते. परंतु ‘अपघातच होता, जामीन होईल’ असे गृहीत धरण्याचे दिवस गेले.

वाहनमालकांचे नुकसान मात्र बहुधा तुरुंगाच्या वाटेने नव्हे, विम्याच्या वाटेने येते. चालक मद्यधुंद होता हा विमा कंपनीचा अधिकृत बचाव म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कलम १५० मध्ये घातला गेला. अपघातग्रस्ताला कंपनी भरपाई देईलही, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकेल. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबत तर स्थिती आणखी कडक आहे. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ च्या डिसेंबरात एका कंपनीच्या मालकीची पोर्शे आदळून जळाली. ब्रेथ अ‍ॅनालायझरची चाचणी नव्हती, रक्ताचा अहवाल नव्हता. तरीही १२ एप्रिल २०२१ रोजी इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दावा नाकारणाऱ्या विमा कंपनीच्या बाजूने कौल दिला. पॉलिसीतील अटीसाठी तीस मिलिग्रॅमचा पुरावा अनिवार्य नाही, वैद्यकीय अहवालातील वास आणि अपघाताची तऱ्हा यांवरूनही निष्कर्ष काढता येतो. फौजदारी न्यायालयात जो वास अपुरा ठरला, तोच दिवाणी हिशेबात लाखो रुपयांना पुरला. आणि चालक मद्याच्या अमलाखाली आहे हे माहीत असून त्याला ट्रक काढायला लावणारा मालक वा मुनीम कलम १८८ अन्वये अपप्रेरणेसाठी त्याच शिक्षेस पात्र ठरतो. रात्री माल भरून निघणाऱ्या गाडीच्या चालकाचे तोंड हुंगणे अप्रतिष्ठेचे वाटत असेल, तर काही हजार रुपयांचे श्वास-यंत्र गेटवर ठेवावे.

अपघात झालाच तर कलम १३४ चालकावर दोन कर्तव्ये टाकते : जमावाच्या क्षोभामुळे अशक्य नसेल तर जखमीला जवळच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात पोहोचविणे, आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत कळविणे. घरच्यांनी त्या वेळी करायची गोष्ट एकच : चालक कोण होता हे खरे सांगणे. चालक बदलून उभा करण्याची क्लृप्ती आता टोलनाक्याचे आणि रस्त्यावरचे कॅमेरे टिकू देत नाहीत.

राहता राहिला सकाळचा हिशेब. आदल्या रात्री लग्नघरी प्यालेला चालक झोप काढून उठला की स्वतःला शुद्धीवर समजतो. मध्यरात्री त्याच्या रक्तात दीडशे मिलिग्रॅम असतील, तर ताशी पंधराच्या गतीने सकाळी सहाला साठ उरतात, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. दहाला टेकल्यानंतर कुठे तो शून्यावर येतो. समृद्धी महामार्गावर ताशी एकशेवीस किलोमीटरची मुभा आहे, आणि जालना-छत्रपती संभाजीनगर जुन्या रस्त्याच्या कडेने विहार करणारी साधु-साध्वींची पावले पडतात ती याच वेळी, सहाच्या आसपास.